मोटार कॅराव्हॅनद्वारे शर्यतगाडीची वाहतूक

मोटार कॅराव्हॅनद्वारे शर्यतगाडीची वाहतूक म्हणजे राहण्याची सोय असलेल्या स्वयंचलित वाहनामागे ट्रेलर जोडून त्यावरून शर्यतीची मोटार स्पर्धास्थळी नेण्याची पद्धत होय. अशा वाहनास मोटारहोम, कॅम्परव्हॅन किंवा केवळ कॅराव्हॅन असेही म्हणतात. युरोप, उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलियातील हौशी स्पर्धकांमध्ये ही पद्धत रूढ आहे. चालक, साहाय्यक, अवजारे आणि शर्यतगाडी एकाच वेळी स्पर्धास्थळी पोहोचतात व निवासाचा वेगळा खर्च टळतो, हा तिचा मुख्य लाभ आहे. भारतात शर्यतगाड्या प्रामुख्याने ट्रकमधून किंवा सपाट पाठीच्या वाहनांवरून नेल्या जातात आणि कॅराव्हॅनमागे ट्रेलर जोडण्याची प्रथा अद्याप विरळ आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारल्यानंतर या वाहनांविषयीची उत्सुकता वाढली. सिंधुदुर्ग जिल्ह्यासारख्या किनारी भागात घाटरस्ते, अरुंद गावरस्ते, खारी हवा आणि दीर्घ पावसाळा यांमुळे वाहनाची निवड अधिक काळजीपूर्वक करावी लागते.

संज्ञा

इंग्रजीच्या ब्रिटिश वापरात 'कॅराव्हॅन' हा शब्द मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या चाकांवरील घरासाठी, तर 'मोटारहोम' हा शब्द स्वतःचे इंजिन असलेल्या घरासाठी योजतात. भारतात हा भेद काटेकोरपणे पाळला जात नाही. येथे इंजिन असलेल्या वाहनासही सर्रास कॅराव्हॅन म्हणतात. भारतीय वाहन उद्योग मानकांपैकी एआयएस-१२४ हे मानक 'मोटार कॅराव्हॅन' या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या वाहनांच्या प्रमाणीकरणासाठी आहे.

या विषयात पुढील संज्ञा वारंवार येतात.

- रिक्त वजन: माणसे व सामान नसलेल्या वाहनाचे वजन.
- एकूण वाहन वजन: माणसे, सामान, पाणी व इंधन यांसह वाहनाचे कमाल अनुज्ञेय वजन.
- एकूण जोडवजन: ओढणारे वाहन व ट्रेलर यांचे मिळून कमाल अनुज्ञेय वजन.
- ओढक्षमता: निर्मात्याने ठरवून दिलेले, वाहनामागे ओढता येईल असे कमाल वजन.
- दांडीभार: ट्रेलरच्या पुढील दांडीने ओढणाऱ्या वाहनाच्या जोडणीवर खाली दिलेला उभा भार.
- मागील झेप: वाहनाच्या मागील ॲक्सलपासून मागील टोकापर्यंतचे अंतर.

इतिहास

केवळ सहलीसाठी बांधलेली सर्वांत जुनी ज्ञात कॅराव्हॅन म्हणून 'वाँडरर' या घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या वाहनाचा उल्लेख केला जातो. लेखक गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी ती १८८५ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे बांधण्यात आली. विसाव्या शतकात मोटारीच्या प्रसाराबरोबर ओढघरे आणि नंतर स्वयंचलित घरे आली. १९५० च्या दशकाच्या आरंभी फोक्सवॅगनच्या व्हॅनवर वेस्टफालिया या जर्मन कंपनीने केलेल्या निवासी रचनेमुळे लहान कॅम्परव्हॅन लोकप्रिय झाली. अमेरिकेत विनेबॅगो कंपनीने १९६० च्या दशकात मोटारहोमचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले.

शर्यतगाड्यांची वाहतूक हा विषयही याच काळात स्वतंत्रपणे विकसित झाला. १९५० च्या दशकाच्या मध्यास मर्सिडीज-बेंझने आपली शर्यतगाडी कारखान्यातून स्पर्धास्थळी त्वरेने नेण्यासाठी एक खास वाहन तयार केले. स्पोर्ट्स मोटारीचे इंजिन बसविलेले हे निळे वाहन ताशी सुमारे १७० किमी वेग गाठू शकत असे व 'निळे नवल' या अर्थाच्या जर्मन नावाने ते प्रसिद्ध झाले. पुढे व्यावसायिक संघांनी बंदिस्त ट्रेलरांचा ताफा वापरण्यास सुरुवात केली. हौशी स्पर्धकांपुढे मात्र दोन पर्याय राहिले: पिकअप वा मोठ्या मोटारीमागे ट्रेलर जोडून तंबूत राहणे, किंवा मोटारहोममागे ट्रेलर जोडणे. अमेरिकेत ट्रकच्या सांगाड्यावर निवास बांधून त्यामागे मोठा बंदिस्त ट्रेलर ओढणारी 'टोटरहोम' ही वाहनेही याच गरजेतून निर्माण झाली.

वाहतुकीचे पर्याय

शर्यतगाडी स्पर्धास्थळी नेण्याचे सर्वसाधारण मार्ग पुढीलप्रमाणे आहेत.

- रस्त्यावरून चालवत नेणे: गाडी रस्त्यासाठी नोंदणीकृत असेल तरच शक्य. शर्यतीत बिघाड झाल्यास परतीचा प्रश्न उभा राहतो.
- सपाट पाठीच्या ट्रकवरून नेणे: भारतातील प्रचलित पद्धत. चालकासह वाहन भाड्याने मिळते, परंतु संघाचा प्रवास व निवास वेगळा करावा लागतो.
- मोटार वा पिकअपमागे ट्रेलर: लवचिक पर्याय. स्पर्धास्थळी ट्रेलर सोडून वाहन इतर कामांसाठी वापरता येते.
- मोटार कॅराव्हॅनमागे ट्रेलर: निवास व वाहतूक एकत्र होते, परंतु जोडवाहनाची लांबी व वजन वाढते.
- पोटात गॅरेज असलेली कॅराव्हॅन: ट्रेलर लागत नाही. मात्र यासाठी मोठ्या ट्रकचा सांगाडा आवश्यक असतो.

दोरीने वा दांडीने ओढून, स्वतःच्या चाकांवर शर्यतगाडी नेणे हा भारतात पर्याय ठरत नाही. ट्रेलर व साइडकार वगळता, रस्त्यावर बंद पडलेले वाहनच मर्यादित वेगाने ओढून नेण्याची मुभा नियमांत आहे.

वजनाचे गणित

कॅराव्हॅनची निवड करताना सर्वाधिक चुका वजनाच्या हिशोबात होतात. इंजिन ट्रेलर ओढू शकते, एवढ्यावरून ते जोडवाहन सुरक्षित किंवा कायदेशीर ठरत नाही. कॅराव्हॅनमधील फर्निचर, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, वातानुकूलन यंत्र व माणसे यांनी वाहनाची बरीचशी क्षमता आधीच व्यापलेली असते.

पुढील उदाहरण केवळ स्पष्टीकरणासाठी आहे. एका कॅराव्हॅनचे अनुज्ञेय एकूण वजन ५,००० किलो, ट्रेलरची ओढक्षमता २,००० किलो आणि एकूण जोडवजन ६,००० किलो आहे, असे मानू.

- सज्ज कॅराव्हॅन (इंधनासह): ३,९०० किलो
- चार व्यक्ती: ३०० किलो
- १५० लिटर पाणी: १५० किलो
- सामान व शिधा: २०० किलो
- कॅराव्हॅनची बेरीज: ४,५५० किलो
- रिकामा ट्रेलर: ७०० किलो
- शर्यतीसाठी सिद्ध केलेली लहान मोटार: १,०५० किलो
- सुटी चाके, जॅक व अवजारे: २५० किलो
- ट्रेलरची बेरीज: २,००० किलो

येथे कॅराव्हॅन आपल्या मर्यादेपेक्षा ४५० किलोंनी हलकी आहे आणि ट्रेलरही नेमक्या मर्यादेत आहे. तरीही दोहोंची बेरीज ६,५५० किलो होते, म्हणजे जोडवजनाची मर्यादा ५५० किलोंनी ओलांडली जाते. स्वतंत्रपणे पाहता दोन्ही वाहने नियमात बसतात, परंतु जोडवाहन बसत नाही. म्हणूनच खरेदीपूर्वी तिन्ही आकडे तपासणे आणि पूर्ण भरलेले जोडवाहन वजनकाट्यावर नेऊन प्रत्येक ॲक्सलवरील भार पाहणे आवश्यक मानले जाते.

दांडीभार व मागील झेप

ट्रेलरवरील भार मागे सरकला असेल, तर तो वेग वाढताच डावी-उजवीकडे झुलू लागतो. ही हालचाल वाढत गेल्यास ओढणारे वाहनही ताब्याबाहेर जाते. हे टाळण्यासाठी ट्रेलरच्या वजनाचा काही भाग जोडणीवर यावा लागतो. युरोपात तो साधारणतः ५ ते ७ टक्के, तर अमेरिकेत १० ते १५ टक्के ठेवण्याची शिफारस असते. कोणत्याही परिस्थितीत जोडणीवर छापलेली मर्यादा ओलांडता येत नाही. शर्यतगाडी ट्रेलरवर थोडी पुढे किंवा मागे उभी करून हा भार जुळविता येतो. इंजिन पुढे असलेली मोटार सरळ चढवावी की उलटी, याचाही विचार त्यासाठीच करावा लागतो.

कॅराव्हॅनच्या बाबतीत मागील झेप हा घटक विशेष महत्त्वाचा आहे. पलंग किंवा स्नानगृह सामावण्यासाठी अनेक कॅराव्हॅनांचा मागील भाग लांब केलेला असतो. दोन ॲक्सलांमधील अंतर ४ मीटर आणि जोडणी मागील ॲक्सलच्या मागे २ मीटरवर असेल, तर १०० किलो दांडीभारामुळे मागील ॲक्सलवर १०० नव्हे, तर १५० किलो भार वाढतो. त्याच वेळी पुढील ॲक्सलवरून ५० किलो भार उचलला जातो. पुढील चाके हलकी झाल्याने सुकाणू सैल वाटते. पुढील चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनात ओल्या चढावर चाके घसरण्याचा धोकाही वाढतो. या कारणास्तव ट्रेलर ओढण्यासाठी मागील चाकांना शक्ती देणारे, लांब चाकपायाचे व कमी झेपेचे वाहन श्रेयस्कर ठरते.

कॅराव्हॅनची निवड

सांगाडा

जोडणी बसवायची ती वाहनाच्या मूळ शिडीसदृश सांगाड्यावर. निवासासाठी मागे वाढविलेला हलका जोडसांगाडा ओढण्याचा ताण सहन करण्यासाठी बनविलेला नसतो. त्यामुळे जुनी कॅराव्हॅन घेताना ती खालून तपासणे, वाढीव भाग कसा जोडला आहे हे पाहणे आणि मूळ निर्मात्याची ओढक्षमतेबाबतची लेखी नोंद मिळविणे आवश्यक असते. अनेक प्रवासी वाहनांच्या भारतीय पुस्तिकेत ओढक्षमता नमूदच केलेली नसते. परदेशी आवृत्तीसाठी जाहीर केलेला आकडा भारतीय वाहनास आपोआप लागू होत नाही.

भारतातील कॅराव्हॅनांसाठी फोर्स ट्रॅव्हलर, टाटा व आयशर कंपन्यांची हलकी व्यावसायिक वाहने आणि पिकअप यांचे सांगाडे वापरले जातात. २०२२ मध्ये महिंद्र कंपनीने बोलेरो कॅम्पर या दुहेरी केबिनच्या पिकअपवर कॅराव्हॅन बनविण्यासाठी एका कॅम्पर निर्मात्याशी करार केला. यांपैकी ट्रेलर ओढण्याच्या दृष्टीने हलक्या ट्रकच्या सांगाड्यांत अधिक राखीव क्षमता असते, तर व्हॅनच्या सांगाड्यांत प्रवास अधिक सुखद असतो.

इंजिन, गिअर व ब्रेक

चढावर लागणारी शक्ती वजनाच्या प्रमाणात वाढते. वरील उदाहरणातील ६,५५० किलोंचे जोडवाहन ६ टक्के चढावर ताशी ३० किमी वेगाने नेण्यासाठी केवळ उंची गाठण्याकरिता सुमारे ३२ किलोवॅट शक्ती लागते. टायरांचे घर्षण त्याहून वेगळे असते. इंजिनाच्या कमाल अश्वशक्तीपेक्षा कमी फेऱ्यांवर मिळणारे वळणबल येथे अधिक उपयोगी पडते.

उतरणीचा प्रश्न त्याहून गंभीर असतो. हेच जोडवाहन ५०० मीटर उंचीवरून खाली उतरताना सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मुक्त होते. उतरण्यास २० मिनिटे लागली, तर ही ऊर्जा २ किलोवॅटचे तेरा गिझर तितका वेळ चालू ठेवण्याइतकी असते. ती सर्व चाकांच्या ब्रेकवर पडल्यास ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते. म्हणून खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा रोध वापरणे, शक्य असल्यास एक्झॉस्ट ब्रेक असलेले वाहन घेणे आणि ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असणे या तीन बाबी घाटातील प्रवासासाठी मूलभूत ठरतात.

ट्रेलरच्या ब्रेकांचे दोन मुख्य प्रकार आहेत. आघाती ब्रेकमध्ये ट्रेलर पुढील वाहनावर ढकलला गेला की दांडीतील यंत्रणा दाबली जाऊन ब्रेक लागतात. विजेच्या ब्रेकमध्ये चालकाच्या जवळील नियंत्रकाद्वारे ते लावता येतात. युरोपात ७५० किलोंपेक्षा अधिक अनुज्ञेय वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे. लांब उतारावर आघाती ब्रेक सतत दाबले जाऊन तापू शकतात, त्यामुळे घाटात अधूनमधून थांबून चाकांचे तापमान तपासणे हितावह असते.

निवास व सोयी

शर्यतीच्या आवारात कॅराव्हॅन दोन ते चार दिवस उभी राहते. त्यामुळे पाण्याची साठवण, सांडपाण्याची टाकी, बॅटरी व छतावरील सौरपट यांचा आकार सहलीच्या कॅराव्हॅनपेक्षा मोठा लागतो. तथापि प्रत्येक लिटर पाण्यामागे एक किलो वजन वाढते. प्रवासात टाकी अर्धी ठेवून मुक्कामी भरणे हा वजन वाचविण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे. तेलकट अवजारे व टायर निवासी भागात न ठेवता ट्रेलरवरील पेटीत ठेवतात. मात्र त्यांचे वजन ट्रेलरच्या ॲक्सलजवळ असावे लागते.

पेट्रोलच्या साठ्याबाबत पेट्रोलियम अधिनियम, १९३४ लागू होतो. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याविना बाळगता येते. धातूच्या पात्रात ते घट्ट झाकणासह ठेवावे लागते व अशा एका पात्राची क्षमता २५ लिटरपेक्षा अधिक असू शकत नाही. स्वयंपाकाचा गॅस व झोपण्याची जागा असलेल्या वाहनात हे इंधन ठेवणे धोक्याचे असल्याने ते उघड्या ट्रेलरवर, सावलीत व बांधून नेणे इष्ट असते.

कायदेशीर बाबी

भारतात

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतंत्र नोंदणी आवश्यक असलेले वाहन आहे. कलम ६१ प्रमाणे ट्रेलरवर त्याचा नोंदणी क्रमांक बाजूस, तसेच ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक विहित रीतीने दर्शवावा लागतो. वजनानुसार ट्रेलरांचे चार वर्ग आहेत: ७५० किलोंपर्यंत टी-१, त्यापुढे ३.५ टनांपर्यंत टी-२, १० टनांपर्यंत टी-३ व त्याहून अधिक टी-४. एका मोटारीची वाहतूक करणारा ट्रेलर बहुधा टी-२ वर्गात येतो.

कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलात बदल घडेल असे फेरफार वाहनात करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. साध्या व्हॅनमध्ये स्थानिक कार्यशाळेत पलंग व स्वयंपाकघर बसवून ती कॅराव्हॅन म्हणून वापरणे, अथवा मान्यतेविना जोडणी बसविणे यामुळे नोंदणी व विमा दोन्ही अडचणीत येऊ शकतात. मानकांनुसार वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्थांमध्ये पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचा समावेश होतो.

चालक परवान्याच्या संदर्भात हलक्या मोटार वाहनाची मर्यादा ७,५०० किलो आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, हलक्या मोटार वाहनाचा परवाना असणाऱ्यास ७,५०० किलोंपर्यंत एकूण वजनाचे परिवहन वाहन चालविता येते, असा निर्णय दिला. क्षमतेपेक्षा अधिक भार नेल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये अशी तरतूद आहे.

केवळ शर्यतीसाठी बनविलेली, नोंदणी नसलेली मोटार सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही. ट्रेलरवरून उतरवून पेट्रोल पंपापर्यंत नेणेही त्यात येते. मोटार विम्याच्या सर्वसाधारण अटींत आयोजित शर्यती व वेगचाचण्या वगळलेल्या असतात. वाहतुकीतील नुकसानीसाठी शर्यतगाडीचा स्वतंत्र मालवाहतूक विमा घ्यावा लागतो आणि ट्रेलरचा समावेश कॅराव्हॅनच्या विम्यात नोंदवून घ्यावा लागतो.

इतर देशांत

ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या मोटारीचा परवाना असणाऱ्यांना स्वतंत्र परीक्षेविना ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. मात्र ओढणारी मोटारहोम ३,५०० किलोंपेक्षा जड असल्यास सामान्यतः सी-१ वर्गाचा परवाना लागतो. जर्मनीत ट्रेलरसह जाणाऱ्या मोटारींना द्रुतगती मार्गावर सर्वसाधारणपणे ताशी ८० किमीची वेगमर्यादा आहे आणि विशिष्ट अटी पूर्ण करणाऱ्या जोडवाहनांना ताशी १०० किमीची परवानगी मिळते. या देशांत स्थायिक झालेल्या भारतीयांना भारतातील अनुभव व परवाना येथे पुरेसा ठरेलच असे नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

भारतातील शर्यतींचे प्रमुख कायमस्वरूपी मार्ग महाराष्ट्राबाहेर आहेत. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील मार्ग आणि कोइंबतूरजवळील कारी मोटार स्पीडवे, तर उत्तर प्रदेशात ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे. बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. महाराष्ट्रात रॅली व ऑटोक्रॉस प्रकारच्या स्पर्धा झालेल्या आहेत. कोल्हापूर येथे कार्टिंगचा मार्ग असून त्या शहरातून राष्ट्रीय पातळीवरील शर्यतपटू पुढे आले आहेत. शर्यतींचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ही संस्था करते.

परिणामी महाराष्ट्रातील स्पर्धकास प्रत्येक हंगामात दीर्घ अंतराची वाहतूक करावी लागते. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी व बंगळूरमार्गे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हा या वाहतुकीचा कणा आहे. इरुंगट्टुकोट्टईचा मार्ग याच महामार्गालगत आहे.

राज्याच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणात कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क या दोन्हींचा विचार केला आहे. एक व दोन ॲक्सलांच्या कॅराव्हॅन, तंबू-ट्रेलर, घडीची कॅराव्हॅन व कॅम्पर-ट्रेलर हे प्रकार त्यात नमूद आहेत. कॅराव्हॅन पार्कमध्ये पाणी, वीज, रस्ता व स्वच्छतागृहाची सोय अपेक्षित आहे. धोरणाचा रोख पर्यटनावर आहे. तथापि शर्यतगाडी घेऊन जाणाऱ्या संघासही अशा पार्कमधील सपाट जागा, पाणी व वीजजोडणी उपयुक्त ठरते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील परिस्थिती

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले व देवगड ही किनाऱ्यावरील ठिकाणे तसेच मालवणजवळील सिंधुदुर्ग किल्ला यांमुळे कॅराव्हॅन पर्यटनास येथे वाव आहे. मात्र ट्रेलरसह प्रवासाच्या दृष्टीने जिल्ह्याचे तीन भाग पडतात.

महामार्ग

कणकवली, कुडाळ व बांदा या भागांतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ जिल्ह्यात चौपदरी झालेला आहे. जोडवाहनास तो सोयीचा आहे. मालवणकडे जाण्यासाठी कसाल येथून फुटणारा रस्ता वापरला जातो. कोकण रेल्वेची मालमोटारींसाठीची रो-रो सेवा १९९९ पासून सुरू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोलाड ते वेर्णा दरम्यान मोटारींसाठीही अशी सेवा सुरू झाली व पुढे कणकवली तालुक्यातील नांदगाव रोड स्थानकावर तिला थांबा देण्यात आला. नोंदणीकृत मोटारीच्या बाबतीत लांबचा रस्ता टाळण्याचा तो एक पर्याय होता.

घाटरस्ते

जिल्ह्यातून देशावर जाण्यासाठी सह्याद्री ओलांडावा लागतो. सावंतवाडी–बेळगाव मार्गावरील आंबोली घाट, कणकवलीहून राधानगरीमार्गे कोल्हापूरकडे जाणारा फोंडा घाट, तळेरे–गगनबावडा मार्गावरील करूळ घाट, त्यालगतचा भुईबावडा घाट आणि दोडामार्गहून चंदगडकडे जाणारा तिलारी घाट हे प्रमुख मार्ग आहेत. यांपैकी तिलारी घाट तीव्र उतार व आकस्मिक वळणांमुळे लांब जोडवाहनांसाठी योग्य मानला जात नाही. करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी २०२४ मध्ये दीर्घकाळ बंद होता.

आंबोली हे महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळणे, दाट धुके व रस्त्यावरून वाहणारे पाणी या नित्याच्या बाबी आहेत. तीव्र वळणावर ट्रेलरची चाके ओढणाऱ्या वाहनाच्या चाकांपेक्षा आतून जातात. त्यामुळे वळण बाहेरून घ्यावे लागते आणि समोरून येणाऱ्या एस.टी. गाडीस जागा राहत नाही. दरडीमुळे परत फिरण्याची वेळ आल्यास ट्रेलर मागे घेणे हे कौशल्याचे काम असते. त्याचा सराव मोकळ्या मैदानावर आधीच केलेला असावा लागतो. घाटात शिरण्यापूर्वी मार्ग चालू असल्याची व जड वाहनांवर निर्बंध नसल्याची खात्री करून घेणे आवश्यक ठरते.

किनारा व गावरस्ते

मालवण परिसरातील वाडीरस्ते अरुंद असून दोन्ही बाजूंस जांभ्या दगडाचे गडगे असतात. देवबाग हे गाव समुद्र व कर्ली नदी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर वसलेले आहे. तेथील रस्त्यावर जोडवाहन वळविण्यास जागा मिळणे कठीण असते. माडांच्या झुकलेल्या झावळ्या व खाली आलेल्या वीजतारा यांचा उंच कॅराव्हॅनला अडथळा होतो. वाळूत एक ॲक्सलचा जड ट्रेलर त्वरित रुततो. याउलट जांभ्याच्या सड्यावरील जमीन कठीण व तुलनेने सपाट असल्याने मुक्कामासाठी ती अधिक योग्य असते. किनारपट्टीवरील बांधकाम व वापरावर किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध असल्याने, तसेच मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य असल्याने, सांडपाणी उघड्यावर वा व्हाळात सोडणे टाळावे लागते.

खाऱ्या हवेमुळे ट्रेलरचा सांगाडा, ब्रेकच्या तारा व चाकांचे बेअरिंग लवकर गंजतात. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या ट्रेलरचे आघाती ब्रेक जाम होणे हा त्याचा नेहमीचा परिणाम आहे. जस्ताचा मुलामा दिलेला सांगाडा, हंगामापूर्वी बेअरिंगांचे वंगण बदलणे, गोड्या पाण्याने खालचा भाग धुणे आणि पावसाळ्यात ट्रेलर छपराखाली ठेवणे हे त्यावरील उपाय होत. ट्रेलरचे टायर झिजण्यापूर्वी वयाने खराब होतात. त्यामुळे नक्षी शाबूत दिसली तरी उत्पादनवर्ष तपासून ते बदलावे लागतात.

मर्यादा

कॅराव्हॅन व ट्रेलर ही रचना सर्वच स्पर्धकांना लाभदायक ठरत नाही. वर्षातून दोन-तीनच शर्यतींत भाग घेणाऱ्यास भाड्याचा ट्रक व रेल्वेप्रवास अधिक स्वस्त पडतो. कॅराव्हॅन हे एकच वाहन बिघडल्यास निवास, वाहतूक व परतीचा मार्ग तिन्ही एकाच वेळी बंद होतात. शर्यतीनंतर थकलेल्या चालकानेच रात्री जड जोडवाहन चालविणे हा या पद्धतीतील सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. मुक्कामाची सोय सोबतच असल्याने त्या रात्री स्पर्धास्थळीच राहून दुसऱ्या दिवशी उजेडात निघणे शक्य असते. निवासी वाहन बाळगण्याचा सुरक्षिततेच्या दृष्टीने तोच प्रमुख लाभ आहे.

हे सुद्धा पहा

- कॅराव्हॅन पर्यटन
- सिंधुदुर्ग जिल्हा
- आंबोली घाट
- राष्ट्रीय महामार्ग ६६
- कोकण रेल्वे
- मोटार वाहन अधिनियम, १९८८